देव बसला, पेटी हलेना

कापडबाजारामागच्या हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. स्टेजवर पांढरी चादर घातलेला चौथरा, त्यावर लहानशी पेटी आणि पेटीमागे आज्ञाबाबा. एरवी दोन पोती एकदम पाठीवर घेणारा हमाल पेटीच्या कडीशी झोंबून लालबुंद झाला होता. पेटी तसूभर हलेना. बाबा म्हणाले, "ऊठ देवा, ऊठ!" आणि तीच पेटी काठी टेकत आलेल्या एका आजीने पर्ससारखी उचलली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तो बसला तर नकार, उठला तर होकार!" बाबा गरजले. "डॉक्टर, वकील, बायको, कुणाला विचारू नका. त्याला विचारा. म्हणजे मला विचारा!"

रांगेत शिंपीणबाई नवऱ्याला घेऊन उभी होती. नवरा बेकरीवाला. पिठाची पोती उचलून उचलून त्याला हर्निया झाला होता. सर्जनने बजावलं होतं, "आतडं अडकलं तर जिवावर बेतेल. याच आठवड्यात ऑपरेशन करा." पण बेकरीवाल्याची सुई बघूनच गाळण उडायची. बायको हात जोडल्याशिवाय कात्रीला शिवत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तो गंभीरपणे म्हणाला, "आधी देवाची आज्ञा घेऊ." जन्मात कुणाचं न ऐकलेला माणूस असा एकाएकी आज्ञाधारक झाला!

नंबर लागला. शिंपीणबाईने विचारलं, "यांचं ऑपरेशन करू?"

"बस देवा, बस!" खालून घूंऽऽ असा आवाज आला. "ऐका, त्याचा श्वास!"

तिने कडी ओढली. पेटी जागची हलेना. देवाने नाही म्हटलं, आता कुणाकडे जायचं? ती दुकानातून तशीच आली होती. मनगटावर टाचण्यांची उशी होती. ओढाताणीत चार टाचण्या चादरीवर पडल्या, आणि पडल्या त्या उभ्याच राहिल्या, ताठ, थरथरत! बाबांनी "ऊठ देवा" म्हणताच चारही आडव्या.

"नकार! ऑपरेशन नको, पोटाला माझा आज्ञापट्टा बांधा," बाबा म्हणाले.

"सुटलो बुवा," बेकरीवाला पुटपुटला.

घरी तिने नणंदेला सगळं सांगितलं. नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. ती पोट धरून हसली. "वहिनी, टाचण्या एकाचीच आज्ञा पाळतात. लोहचुंबकाची! पेटीच्या तळाला लोखंड असणार आणि चौथऱ्यात तारेचं वेटोळं. वीज सोडली की वेटोळ्याचा चुंबक होतो."

"पण वन्सं, देवाचं नाव आहे तिथे. आपण त्याची परीक्षा घ्यायची म्हणजे..."

"देव असेल तर वीज गेल्यावरही बसेल ना?"

"मग उद्या बघूच," शिंपीणबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा स्टेजवर चढली. नणंद दाराजवळच्या मेन स्विचपाशी, नवरा खाली गर्दीत; कालचे हमाल आणि आजीही तिथेच.

"बस देवा, बस!"

खट्! पंखे थांबले. शिंपीणबाईने करंगळीने पेटी उचलली.

"बस! अरे, बस की!" बाबा ओरडले.

पडद्यामागून आवाज आला, "कसा बसवू बाबा? लाइट गेलीय!"

हॉलभर हशा पिकला. हमालाने चादर ओढली. आत जाडजूड तारेचं वेटोळं, तिथून पडद्यामागे गेलेली वायर आणि वायरीच्या टोकाला बटणावर अंगठा ठेवून बसलेला शिष्य.

"ही तुमच्या श्रद्धेची परीक्षा होती," बाबा मागच्या दाराकडे सरकत म्हणाले.

"निकाल लागला!" हमाल म्हणाला आणि त्याने ते दार अडवलं.

काठीवाली आजी मात्र हिरमुसली होती. "म्हणजे देव नाहीच का गं?"

"माझा आहे, आजी," शिंपीणबाई म्हणाली. "पण त्याला वायर लागत नाही. त्याच्या मर्जीने वागायचं म्हणजे डोळे मिटून कुणाच्याही मागे जायचं, असं मला वाटत होतं. डोळे त्यानेच दिले असतील, तर ते उघडे ठेवा. विचारा, तपासून बघा. तपासू नका म्हणतो तो देवाचा माणूस नव्हे."

मग ती नवऱ्याकडे वळली. "चला."

"कुठे?" बेकरीवाल्याने विचारलं, पण त्याला कळलं होतं.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला आत नेण्याआधी तिने डोळे मिटून हात जोडले. मग चष्मा लावला, संमतीपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, डॉक्टरांना दोन प्रश्न विचारले आणि सही केली.