शुक्रवारचं भाषण

"आज शर्ट नको," तो म्हणाला, तेव्हा तिची इस्त्री कॉलरवर होती.

शुक्रवारी हा माणूस पांढरा शर्ट नको म्हणतो म्हणजे कुठेतरी बिनसलंय, हे कळायला तिला वेळ लागला नाही. दर शुक्रवारी तो कुठल्या ना कुठल्या शाळेत जाऊन आपल्या दारूची गोष्ट सांगायचा. छापखान्यातली नोकरी दारूपायी गेली, मग तो व्यसनमुक्ती केंद्रात भरती झाला, सुटला आणि तिथल्याच फाटकावर राखणीला लागला. फाटक पोटापुरतं, खरी नोकरी शुक्रवारची. शाळांमध्ये त्याला 'भाषणवाले काका' म्हणायचे आणि त्या नावाने स्वारी अशी फुलायची की तिला हसू यायचं. नवऱ्याच्या दारूला एवढा मान मिळेल, असं लग्नात कुणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं होतं ते असं. केंद्रात नव्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. भीतीच्या गोष्टींनी मुलं व्यसनापासून लांब राहत नाहीत, काहींना उलट कुतूहलच वाटतं, असं संशोधन सांगतं म्हणे. म्हणून भाषणं बंद. आता शिक्षकच लहान लहान गट करून मुलांकडून मित्राला नाही म्हणायचा सराव करून घेणार होते. काकांनी खुर्च्या मांडायच्या.

"मी पोरांना बिघडवतो," एवढं बोलून तो फाटकावर गेला.

शिंप्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन ती तडक केंद्रात गेली. त्याची दारू या शुक्रवारांनीच अडवून धरली आहे, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं. आपण दोन शाळांमध्ये भाषणाआधी आणि नंतर मुलांना विचारून पाहिलं, असं त्या म्हणाल्या. भाषणानंतर 'एकदा घेऊन बघावी' म्हणणारी मुलं वाढली होती.

"म्हणजे ते खोटं सांगतात?"

"नाही ताई. फार छान सांगतात. तीच अडचण आहे."

"आणि बंद केल्यावर त्यांचं काय?"

"अभ्यासात मुलांना विचारलं होतं. सांगणाऱ्याचं काय होतं, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही."

केंद्रात दारू सोडलेल्यांचा गट बसतो त्यात त्यांना बसवा, असं त्यांनी सुचवलं. तो एकदा बसला. तिथे ज्याची त्याची गोष्ट तीच, कुणी आ वासून ऐकेना. पुन्हा गेला नाही.

पुढचे शुक्रवार वाईट गेले. तो लांबच्या रस्त्याने घरी यायचा, विचारलं तर खेकसायचा. दार उघडताना ती पुन्हा त्याच्या तोंडाचा वास घेऊ लागली. ही सवय मेली असं तिला वाटलं होतं. ती घाबरली होती, मनातून घाबरली होती.

शेवटी एका शुक्रवारी दुपार कलताना तिने स्टूल ओढलं आणि म्हणाली, "मला सांगा." जे भोगलं ते ऐकायला कशाला जायचं, म्हणून ती कधीच कुठल्या शाळेत गेली नव्हती. तो हसला. मग उठून त्याने पांढरा शर्ट चढवला, कपाटापाशी उभा राहिला आणि म्हणाला, "मुलांनो..."

छापखाना, कागदाच्या थप्पीमागे बसलेला जोडीदार, पुढे केलेला ग्लास. आवाज हळूहळू खाली उतरला. पहिला घोट घशातून कसा जातो, छातीत ऊब कशी पसरते, यंत्राचा खडखडाट कसा लांब लांब जातो. त्याचे डोळे अर्धे मिटले होते. त्याने आवंढा गिळला. जन्मात थेंब न घेतलेल्या तिच्याही तोंडाला पाणी सुटलं. पोरं काय ऐकत होती, ते तिला कळलं. हा माणूस वर्षानुवर्षं दर शुक्रवारी काय पीत होता, तेही कळलं.

नोकरी गेली, आजारी पडलो, केंद्रात आलो, हे त्याने भांडी उरकावीत तसं उरकलं. त्यात ती नव्हती. सासरी गेलेली त्यांची पोरगीही नव्हती.

"जरा फिरून येतो," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे बघितलं नाही. चपला पायात होत्या.

"पोरीचं राहिलं."

"ते मी मुलांना सांगत नाही."

"मी मूल नाही."

त्याचा हात कडीवर गेला. ती आडवी गेली नाही. मघाशी तो उभा होता त्या जागी कपाटापाशी जाऊन ती उभी राहिली आणि सांगू लागली. तुमची चाहूल लागली की पोरगी पलंगाखाली जायची. कान दाबून घ्यायची. मग मी दाराला पाठ लावून उभी राहायची. लग्न झाल्यावर ती इथे का येत नाही, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत. तिला त्याच्यासारखं सांगता येत नव्हतं. ती अडखळत होती, पुढचं आधी आणि आधीचं नंतर येत होतं.

तो दाराकडे तोंड करून उभाच होता. कडी निघाली नाही आणि हातही खाली आला नाही. ती सांगत राहिली.