तीन माणसांची खिडकी

मी खिडकीचे एक जुने हँडल आहे, मित्रांनो, आणि बाकी काही सांगण्याआधी एक गोष्ट सांगून टाकतो. त्या दिवशी जे झाले त्यात माझा काडीचाही दोष नव्हता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, तशी माझी गत दोन वर्षे चालली होती. आता निकाल माझ्या बाजूने लागला आहे, म्हणून इतक्या शांतपणे बोलतो आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेला धातू साच्यात ओतला, मी गार झालो, मला पांढरा रंग दिला आणि पन्नास भावंडांबरोबर एका खोक्यात घातले. सगळ्यांचे चेहरे अगदी सारखे असल्यामुळे आमच्यात कधी भांडणे झाली नाहीत. मला वाटायचे, आपण एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या नाहीतर कचेरीच्या दारावर बसू, साहेब लोक आपल्याला हात लावतील. नशिबात निघाली तिसऱ्या मजल्यावरची खिडकी. आत बैठकीची खोली, खाली रस्ता आणि रस्त्यावर बसथांबा.

खिडकी मात्र साधी नव्हती. तिला एकावर एक अशा दोन काचा होत्या आणि मधे थोडी बंदिस्त जागा, म्हणजे बाहेरचा आवाज आत यायला नको. पल्ला आत उघडायचा. मी आडवा झालो की तो सुटायचा, मी मान खाली घातली की बंद. माझ्या पाठीला एक चौकोनी सळई आहे. ती पल्ल्याच्या आतल्या कुलपाच्या पेटीत जाते. मी फिरलो की पेटी फिरते, पेटी फिरली की पल्ल्याच्या कडेची चार बोंडे सरकतात आणि चौकटीतल्या चार खाचांत जाऊन बसतात. दिसतो मी एकटाच, पण काम आम्ही सगळे करतो. शाबासकी मला मिळायची तेव्हा मी हे कोणाला सांगितले नाही. शिव्या मिळू लागल्या तेव्हा आठवले.

ही खिडकी बाबांनी हौसेने बसवून घेतली होती. नव्या नवलाईच्या दिवसांत कोणी पाहुणा आला, की चहाच्या आधी बाबा त्याला माझ्यापुढे उभा करायचे. मला खाली वळवायचे आणि म्हणायचे, "आता ऐका."

पाहुणा कान द्यायचा. "काही ऐकू येत नाही."

"तेच ऐका," बाबा म्हणायचे.

आजोबांना ती खिडकी पहिल्या दिवसापासून आवडली नाही. त्यांची जुनी लाकडी खिडकी काढून तिच्या जागी आम्ही आलो होतो. "चांगले कान असताना घर बहिरं करून टाकलंस," असे त्यांनी बाबांना सुनावले होते. आजोबा म्हणजे बाबांचे वडील. त्यांची सगळी नोकरी बस आगारात गाड्यांच्या वेळा लिहिण्यात गेली. निवृत्त झाले तरी त्यांनी ते काम सोडले नाही. रोज सकाळी ते पल्ला उघडायचे, त्याच्या वरच्या कोपऱ्यावर कोपर टाकायचे, सगळे अंग त्यावर सोडून खाली वाकायचे आणि घड्याळ बघून म्हणायचे, "चार मिनिटं उशीर." त्यांचे हे म्हणणे कोणीही लिहून घेत नव्हते.

आजोबा आत गेले की बाबा यायचे. त्यांना इस्त्रीचे शर्ट हँगरला लावून पल्ल्यावर टांगायची सवय. आधी एक, मग तीन, मग आठवड्याचे सगळे. पल्ला बिचारा काय बोलणार? तो दोन बिजागऱ्यांवर उभा होता. हळूहळू तो तांदळाच्या दाण्याएवढा खाली आला. पुढे दोन दाण्यांएवढा. बोंडे खाचांत जाईनात, चौकटीवर आपटू लागली. आणि फिरेना कोण? तर मी. "हँडल घट्ट झालंय," असे सगळे म्हणू लागले.

मित्रांनो, खिडकी दुरुस्त करणाऱ्या माणसाला फोन करणे एवढेच काम होते. फोन नंबरचा स्टिकर चौकटीच्या कडेला, पल्ला उघडला की नाकासमोर. पण बाबा फोन करीनात, कारण फोन केला म्हणजे आपली खिडकी वाईट निघाली हे कबूल करायचे. आजोबाही करीनात. "ज्यानं बसवली त्यानं बघावं." यावरून एका दुपारी दोघांचे चांगले वाजले आणि बोलणे बंद झाले. त्याला सहा महिने होऊन गेले होते.

पण खिडकी लावणे तर भाग होते. म्हणून या घराने एक पद्धत शोधून काढली. बाबा गुडघ्यावर बसून पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्यात स्वयंपाकघरातले उलथणे सरकवायचे आणि पल्ला वर उचलायचे. आजोबा दोन्ही तळव्यांनी काच दाबून धरायचे. आणि त्या घडीला ताई, म्हणजे बाबांची मुलगी, मला खाली ओढायची.

"उचल," आजोबा म्हणायचे.

"उचललंय," बाबा म्हणायचे.

दिवसभरात बापलेकांचे एवढेच बोलणे व्हायचे. आई दवाखान्यात परिचारिका होती. दमून घरी आली की ती आधी विचारायची, "माझं उलथणं कुठाय?" तेव्हा ते नेमके खिडकीत असायचे. ताईला मात्र या संवादाची एवढी काळजी, की ती मला मुद्दाम हळू ओढायची. आजोबा मग "अजून उचल" म्हणायचे आणि बाबा "अजून उचललंय" म्हणायचे. तेवढीच दोन वाक्ये जास्त.

आता त्या दिवसाकडे येतो.

ताईचा आवाज गोड नाही, पण स्वच्छ आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक शब्द वेगळा उचलून घेता येतो. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही अशा लोकांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करणारे एक ग्रंथालय होते आणि तिला तिथे वाचक व्हायचे होते. त्यासाठी अर्ध्या तासाचे अखंड वाचन पाठवायचे होते. मागे दुसरा कुठलाही आवाज नको. मुदत त्या दिवशी पाच वाजेपर्यंत. आधी दोनदा तिने पाठवले होते आणि दोनदा ते परत आले होते. आता ही शेवटची संधी आहे, असे त्यांनी स्पष्ट कळवले होते.

दुपारी बारा वाजता ताई वाचायला बसली. आई आणि बाबा कामावर. सकाळी बाबा घाईत शर्ट टांगून निघून गेले होते आणि पल्ला उघडाच राहिला होता. ताईने तो नुसता लोटून ठेवला आणि वाचायला सुरुवात केली. "राजाने प्रधानाला विचारले, माझ्या प्रजेला काय हवे आहे?"

आणि खालून भोंग्यावर उत्तर आले, "जुना टीव्ही, फ्रीज, मोडकं लोखंड!"

तो भंगारवाला. त्याचा आवाज आला की माझ्या पाठीची सळई अजूनही गार पडते. ताईने पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी बसचा हॉर्न आला. तिसऱ्या वेळी दोन बसचे हॉर्न. ताईने पुस्तक मिटले आणि आजोबांना हाक मारली.

"आपण दोघंच लावू या का हो?"

आजोबांनी पल्ल्यावरचे शर्ट उतरवून खुर्चीवर ठेवले आणि कंबर कसली. त्यांनी एका हाताने उलथणे धरले, दुसऱ्या हाताने काच दाबली आणि हात कमी पडतो म्हणून डोकेही काचेला लावले. "ओढ."

ताईने ओढले. मी हललो नाही. तिने दोन्ही हातांनी ओढले, मग जवळजवळ माझ्यावर लटकली. आत काहीतरी कडकन मोडले. त्यानंतर मी पंख्यासारखा गोल गोल फिरू लागलो आणि पल्ला होता तिथेच राहिला.

"हँडल गेलं," आजोबा म्हणाले. "भंगारात द्यायच्या लायकीचं होतंच."

ताई खाली बसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. आजोबा तिच्याकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा लावला, पल्ला उघडला, चौकटीच्या कडेला वाकले आणि दोन वर्षे रोज दिसणारा तो नंबर मोठ्याने वाचू लागले. "लाव फोन," ते म्हणाले. "वेळ विचार. उशीर चालायचा नाही म्हणावं."

सव्वातीनला खिडकीवाल्या बाई आल्या. आगारात असत्या तर आजोबांनी 'वेळेवर' असे लिहिले असते. चाळिशीच्या, खांद्याला पिशवी, बोलणे मोजके. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांनी पल्ला एका बोटाने ढकलला, चौकटीशी आणला आणि वरची आणि खालची फट बघितली. मग विचारले, "या पल्ल्यावर कोण लटकतं?"

आजोबा पंख्याकडे बघू लागले. वर पंखा बंद होता. खुर्चीवर बाबांचे सात शर्टही होते, पण त्यांच्यावतीने बोलायला कोणी नव्हते.

मग बाईंनी स्क्रू झाकणारी माझी टोपी बाजूला सरकवून दोन स्क्रू काढले आणि मला टेबलावर वर्तमानपत्रावर ठेवले. बारा वर्षांत मी पहिल्यांदाच खिडकीवरून उतरलो होतो. नेमका तेव्हाच खाली भोंगा वाजला, "मोडकं लोखंड!" मला पन्नास भावंडे आठवली. खोटे कशाला सांगू, मी घाबरलो होतो.

"नवीन हँडल किती वेळात मिळेल?" ताईने घड्याळाकडे बघत विचारले.

"हँडलला काय झालंय?" बाई म्हणाल्या. त्यांनी मला उचलून हातात फिरवले. "चांगलं आहे की. आतली पेटी मोडली, ती माझ्याकडे आहे. पण मूळ दुखणं बिजागरीचं. पल्ला खाली उतरलाय. बिजागरीचं ओझं दोन वर्षं या हँडलनं ओढलंय. दुसरं असतं तर कधीच तुटून हातात आलं असतं."

मित्रांनो, मला रडता येत नाही, नाहीतर मी त्या वर्तमानपत्रावर रडलो असतो.

बाईंनी पेटी बदलली. मग काटकोनात वाकवलेली एक छोटी चावी खालच्या बिजागरीत घातली आणि अडीच वेळा फिरवली. अडीच. सहा महिन्यांचा अबोला, उलथणे, गुडघे, तळवे, डोके, आणि काम अडीच फेऱ्यांचे. वरच्या बिजागरीला अर्धी फेरी, दोन्हींना तेलाचा एक एक थेंब. मला जागेवर बसवून त्या ताईला म्हणाल्या, "लाव. एका बोटानं."

ताईने बोट लावले. मी मान खाली घातली. चारही बोंडे आपापल्या खाचांत गेली आणि बस, भंगारवाला, सगळा रस्ता एकदम गप्प झाला. आजोबांनी कान दिला. "काही ऐकू येत नाही," ते म्हणाले.

"तेच ऐका," ताई म्हणाली. आजोबा हसले, आणि लगेच आपण हसलो नाही असा चेहरा केला.

चार वाजायला पाच मिनिटे असताना ताईने वाचायला सुरुवात केली. राजाने प्रधानाला प्रश्न विचारला आणि या वेळी उत्तर प्रधानानेच दिले. अर्धा तास आजोबा खुर्चीत शर्टांशेजारी श्वास रोखून बसले होते. पावणेपाचला वाचन गेले. चार वाजून एकावन्न मिनिटांनी 'मिळाले' असे उत्तर आले. आजोबांनी वेळ बघून ठेवली होती.

सहाला बाबा घरी आले. त्यांना यातले काही माहीत नव्हते. हवा घ्यायला ताईने खिडकी पुन्हा उघडली होती. बाबांनी पिशवी ठेवली, सवयीने उलथणे घेतले आणि पल्ल्याखाली गुडघ्यावर बसले. ताईने तोंड उघडले, पण आजोबांनी तिला हाताने थांबवले.

मला वाटले, झाले. आता आजोबा ऐकवणार की तुझ्या खिडकीसाठी मला माणूस बोलवावा लागला. सहा महिने ते या घटकेची वाट बघत होते. पण ते आपल्या जागी गेले आणि त्यांनी काचेवर तळवे ठेवले.

"उचल," ते म्हणाले.

"उचललंय."

ताईने मला एका बोटाने खाली केले. बाबा उलथणे हातात धरून वर बघत राहिले. "आज बरी लागली."

"बाई येऊन गेल्या खिडकीवाल्या," आजोबा काचेकडे बघत म्हणाले. "खिडकी चांगली आहे रे तुझी. मीच रोज लटकत होतो तिच्यावर."

बाबांनी उलथणे जमिनीवर ठेवले. मग म्हणाले, "माझेही पाच शर्ट होते."

"सात," आजोबा म्हणाले. "मी मोजलेत रोज."

एवढ्यात आई आली आणि तिने विचारले, "माझं उलथणं कुठाय?"

ताई आता त्या ग्रंथालयाची वाचक आहे. आजोबांना खिडकीशी एक स्टूल मिळाले आहे आणि बाबांच्या शर्टांना भिंतीवर खुंट्या. मित्रांनो, तुमच्याकडे एखादे हँडल फिरत नसेल तर त्याच्यावर लटकू नका, त्याला शिव्या देऊ नका. वर्षातून एकदा बिजागरीला तेलाचा थेंब द्या, आणि तरी नाही जमले तर फोन करा. आधी कोणी करायचा यावर बसून राहू नका.

खिडकी आता एका बोटाने लागते. तरी रोज संध्याकाळी आजोबा काचेवर तळवे ठेवतात, बाबा रिकाम्या हातांनी खाली वाकतात आणि ताई मला फिरवते. एका बोटाचे काम तीन माणसे करतात. मी मुद्दाम जरा हळू फिरतो.