कपाटाची किल्ली

नीलकंठकाकांनी लाल फडक्याची गाठ सोडली, आतली काळी हार्ड डिस्क दोन्ही हातांनी टेबलावर ठेवली आणि तिची वायर कंप्यूटरला जोडली. मॅनेजर जयसिंगरावांनी शोधाच्या चौकटीत टाइप केलं: राजगढ तेलघाणी गिअर.

काही सापडलं नाही, असं उत्तर आलं.

“आहे ना त्यात,” काका म्हणाले. त्यांनी डिस्क उघडली, कपाट सहा, खण तिसरा अशा फोल्डरांत जाऊन अर्ध्या मिनिटात ते ड्रॉइंग पडद्यावर आणलं.

“हे तुम्ही शोधलंत काका, कंप्यूटरनं नाही. एकतीसला तुम्ही रिटायर. मग काय रोज धारला तुमच्या घरी फोन लावू, काका, अमकं कुठेय, तमकं कुठेय? सीधी बात आहे. उद्या पाचपर्यंत शोधात आलं तर ठीक, नाहीतर सगळं काम इंदूरच्या कंपनीकडून नव्यानं करून घेतो.”

जयसिंगराव गेले. काका फडक्याच्या घड्या सारख्या करत राहिले. देवासच्या या कारखान्याची जुनी, वाळवी लागलेली ड्रॉइंग त्यांनी दोन वर्षं एकट्यानं स्कॅन केली होती.

शेजारच्या टेबलाशी किमया बसे. फिजिक्सची पदवी घेऊन ती तीन महिन्यांपूर्वी इथे लागली होती. तिनं गुड्डी नावाची एक रिकामी फाइल बनवली. कंप्यूटरमध्ये ठेवली, तर शोधात लगेच आली. तिथून काढून डिस्कवर ठेवली, तर आली नाही.

“काका, दोष तुमच्या फायलींत नाही. शोध डिस्कपर्यंत जातच नाही.”

सेटिंग उघडून तिनं दाखवलं. कंप्यूटर आधी फायलींची सूची बनवतो आणि नंतर फक्त त्या सूचीत बघतो. सूची कुठल्या जागांची करायची, त्या यादीत बाहेरची डिस्क नव्हतीच. किमयानं ती यादीत घालून तिच्यापुढे खूण केली.

“झालं?” काकांनी विचारलं.

“उद्या कळेल.”

पण दुसऱ्या दिवशी बारा वाजेपर्यंत डिस्कवरच्या जेमतेम दोनशे फायली सूचीत गेल्या. आकड्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: कंप्यूटर वापरात असल्याने काम मंद चालू आहे. किमयानं ती दोनदा वाचली.

एक वाजला. सगळे जेवायला उठले. ती डबा उघडून तिथेच बसली. काका आले, त्यांनी वायर काढली, डिस्क फडक्यात बांधली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. रोज एक वाजता आणि रोज साडेपाचला ते हेच करत.

किमयाचा घास हातातच राहिला.

“काका, डिस्क परत काढा.”

“जेवणाच्या सुट्टीत? उंदीर आहेत इथे. जिवापाड सांभाळलीय मी ती.”

“आपण उठलो की कंप्यूटरला सूची करायला सवड मिळते. आणि नेमकी तेव्हाच ती कपाटात असते.”

काकांनी एकदा कुलपाकडे बघितलं. मग त्यांनी किल्ली काढली.

दुपारभर ते कीबोर्डसमोर खुर्ची टाकून बसले. डिस्पॅचचे भैयासाहेब आले.

“काका, एक चिठ्ठी टाइप करायचीये.”

“हात नाही लावायचा! हातानं लिही.”

“माझं अक्षर मलाच वाचता येत नाही, भिया.”

“मग तोंडी सांगून ये.”

किमया कंप्यूटरच्या आधीच्या फायली वजा करून आकडा सांगत होती. नऊशे. दोन हजार. एकतीसशे. पावणेपाचला आकडा थांबला.

“तीन हजार आठशे तेरा.”

काकांनी आपली वही उघडली. “माझ्याकडे आठशे बारा आहेत.”

“एक माझी. गुड्डी.”

काका पहिल्यांदा हसले.

पाचला जयसिंगरावांनी ‘राजगढ’ एवढंच टाइप केलं आणि सात ड्रॉइंग खाली उभी राहिली. त्यांनी डही गावचा पंप विचारला, आला. मग कपाट एकमधलं, स्वतःच्या जन्माआधीचं एक ड्रॉइंग विचारलं. तेही आलं. त्यांनी कीबोर्डवरून हात उचलले.

“इंदूरला नाही म्हणून सांगतो,” ते म्हणाले आणि दारातूनच ओरडले, “अरे, काकांसाठी चहा सांगा! कडक!”

साडेपाचला काका सवयीनं फडकं घेऊन उठले आणि वायरपाशी थांबले.

“म्हणजे दोन वर्षं मीच कंप्यूटरच्या आड येत होतो?”

“नाही,” किमया म्हणाली. आकडा चुकलेला तिला कधीच चालत नसे. “खूण मी काल केली. त्याआधी डिस्क जोडलेली राहिली असती, तरी काही झालं नसतं. तुम्ही आड आलात ते काल साडेपाचला आणि आज एकला. दोनदा.”

काकांनी मान हलवली. फडक्याची चौघडी करून डिस्कखाली घातली आणि किल्ली कपाटाच्या कुलपातच राहू दिली.

किमया खिडकीशी गेली. फाटकापाशी काकांचा हात खिशाकडे गेला, तिथे चाचपडला. ते आता मागे फिरतील म्हणून ती थांबली.

त्यांनी तोच हात उंच करून टेम्पो थांबवला.