वळणावर उतरलेला ड्रोन

अहवालात कारण एकाच शब्दात लिहिलं होतं: वारा. खाली तीन सह्या होत्या. चौथीची जागा मास्तरणीसाठी रिकामी ठेवली होती.

मास्तरीण हे तिचं टोपणनाव. पूर नियंत्रण कक्षाच्या पाचही गाड्यांवरच्या पायलटांना ड्रोन उडवायला तिनेच शिकवलं होतं, म्हणून पडलेलं. नऊ दिवसांपूर्वी नदी बांधाला टेकली, तेव्हा रिमोट तिच्याच हातात होता. पाण्यात अडकलेली घरं शोधता शोधता संपर्क तुटला आणि दोन किलोमीटर दूर, बांधावरच्या रस्त्याच्या वळणावर, नऊ किलोचा तो ड्रोन एका बस चालवणाऱ्या बाईंच्या खांद्यावर आला. त्यांचं गळ्याजवळचं हाड मोडलं. ड्रोन बसच्या पायरीवर आपटून पेटला आणि त्याच्या पोटातल्या सगळ्या नोंदी जळून गेल्या.

"सही कर आणि मोकळी हो," कक्षाचे साहेब म्हणाले. "वाऱ्यावर कोणी खटला भरत नाही."

साहेब मनाचे वाईट नव्हते. पाणी पुन्हा चढत होतं, गाड्या निघायच्या तयारीत होत्या आणि त्यांना हाताशी एक मुरलेली पायलट हवी होती. सही झाली की तिच्यावरची उड्डाणबंदी उठणार होती. पण तिचं पेन काही उघडेना. त्या दिवशी वारा रस्त्याकडून नदीकडे वाहत होता. वाऱ्याने फेकलेली वस्तू वाऱ्याच्याच विरुद्ध दोन किलोमीटर चालून जाते कशी?

"तासाभरात येते. विचारून येते."

"कोणाला? वाऱ्याला?"

"ज्यांच्यावर पडला त्यांना. त्यांना कोणी विचारलेलंच नाही."

हॉस्पिटलात बाई उशीला टेकून बसल्या होत्या, डावा हात गळ्यात बांधलेला. त्यांनी मास्तरणीला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"दारातून आलात? मला वाटलं, तुमची माणसं छपरातूनच येतात."

मास्तरणीने मान खाली घातली. माफी मागितली. ती बाईंनी उजव्या हाताने झटकून टाकली. "राहू द्या. काय विचारायचंय ते विचारा."

"तो कसा पडला, आठवतंय?"

"पडला? अहो, पडला कुठे? उतरला! लिफ्टसारखा, सरळ. मी म्हाताऱ्या माणसांना बसमध्ये चढवत होते, वर बघायला सवड कुणाला? कानाशी भणभण आली म्हणून मान वर केली, तर हा आपला चारही पाय खाली सोडून येतोय."

"पाय? पाय बाहेर होते? नक्की?"

"एक खांद्यात रुतला बाई, नक्की म्हणजे काय!"

ड्रोनचे पाय उडताना पोटाशी दुमडलेले असतात. ते उघडतात फक्त उतरायचं ठरलं की. म्हणजे ड्रोन भरकटला नव्हता. त्याला नेमकं तिथेच यायचं होतं.

बाहेर त्या पाचांखेरीजच्या तिच्या गाडीपाशी ड्रायव्हर काच पुसत होता. त्याला सगळे मामा म्हणत, साहेबसुद्धा.

"मामा, त्या दिवशी आपण बांधावरच्या वळणावर थांबलो होतो का?"

"थांबलो होतो म्हणजे? झाड आडवं पडलेलं. मी एकटा फांद्या ओढतोय आणि तुम्ही मागे बसून ड्रोन चालू करताय. आठ मिनिटं नुसता टिंग टिंग करत होता. मी म्हटलंसुद्धा, याला जरा गप्प बसवा."

ती गाडीच्या पायरीवर बसली.

संपर्क तुटला की ड्रोन जिथून निघाला तिथे आपणहून परत येतो. निघाला कुठून, हे त्याला उपग्रहांकडून कळतं. चालू केल्यावर पुरेसे, निदान दहा उपग्रह सापडले की ती जागा तो मनात पक्की करतो आणि बंद केल्याशिवाय बदलत नाही. याला चार मिनिटं लागतात. ही चार मिनिटं वाचवायला गाडीतच ड्रोन चालू करून ठेवायचा, ही युक्ती मास्तरणीची. धावत्या गाडीत जागा पक्की होत नसे, ती मुक्कामी पोचल्यावरच होई, म्हणून वर्षभर सगळं सुरळीत चाललं. तिने ही युक्ती पाचही गाड्यांना शिकवली आणि त्याबद्दल शाबासकीही घेतली. गाडी वाटेत आठ मिनिटं अडकली तर काय, हे कोणी विचारलं नव्हतं. तिनेही नाही.

तिने घड्याळ पाहिलं. गाड्या निघून वीस मिनिटं झाली होती. बांधावरचा रस्ता एकेरी, समोरून माणसांनी भरलेल्या बस येणार. प्रत्येक गाडी कुठे ना कुठे अडकणारच.

ती गाडीत चढली आणि वायरलेस उचलला.

"सगळ्या गाड्यांना. कोणीही उडवू नका. ड्रोन बंद करा, गाडीतून खाली घ्या, जिथून उडवणार तिथे ठेवून पुन्हा चालू करा."

"मास्तरीण, तुला उड्डाणबंदी आहे," साहेबांचा आवाज आला.

"उडवत नाहीये साहेब. थांबवतेय."

मध्येच तिसऱ्या गाडीवरची चिमणी बोलली. बोलणं भरभर, म्हणून चिमणी. "ताई, मला छप्पर दिसतंय! सहा जण आहेत, लाल कापड हलवतायत. माझा तयार आहे, चालूच ठेवलाय, तुम्हीच तर शिकवलंत!"

"वाटेत थांबलीस का कुठे?"

"वळणावर. पाच बस पुढे सोडल्या. अजून येतायतच."

"मग त्याने वळणच धरलंय. संपर्क तुटला तर तो त्या बसवर उतरेल. बंद कर."

"ताई, चार मिनिटं जातील!"

"चिमणी, उडव," साहेब म्हणाले. "छपरावर माणसं आहेत."

मास्तरणीचा आवाज चढला नाही. "साहेब, रस्त्यावरही आहेत. अहवालातलं कारण चुकीचं आहे. वारा नव्हता. गाडीत ड्रोन चालू करायची सवय मी लावली आणि त्या दिवशी माझ्याच सवयीने त्या बाईंचा खांदा मोडला. हे आता पाचही गाड्यांनी ऐकलंय. नऊ दिवसांपूर्वी मला माहीत नव्हतं. आज आपल्या सगळ्यांना माहीत आहे."

मामांनी काच पुसायचं थांबवलं होतं.

"सगळ्या गाड्या," साहेब शेवटी म्हणाले, "ती सांगतेय तसं करा."

पहिली गाडी म्हणाली, बंद केला. चौथी आणि पाचवीही म्हणाली. दुसरीचा पत्ता नव्हता. तिने तीनदा हाक मारली.

"दुसरी गाडी बोलतोय. आमचा हवेत आहे, ताई. परतीचं बटण दाबू?"

"अजिबात नको! हाताने आण. डोळ्यासमोर ठेव, मोकळ्या जागी उतरव. उतरेपर्यंत बोलू नकोस."

मग वाट पाहणं. चिमणी दर अर्ध्या मिनिटाने उपग्रहांचा आकडा सांगत होती. चार. सात. नऊ. नऊवरच अडकलं. मधेच ती म्हणाली, "ताई, कापड हलायचं थांबलंय." एका शब्दाने तिला सूट देता आली असती. मास्तरणीने तो शब्द दिला नाही.

"दुसरी गाडी. उतरला. शेतात, धडधाकट."

"ताई, चौदा! जागा माझ्या पायाशी दाखवतोय. उडवू?"

"उडव."

दीड मिनिट गेलं. "सहा नाहीत, आठ आहेत! टाकीच्या आडोशाला दोन लहान पोरं आहेत. आई कापड टाकून त्यांना धरून बसलीय. होडी कुठून न्यायची ते सांगते, लिहून घ्या!"

तिकडे साहेब लिहून घेत होते. होडी निघाल्याचं कळलं, तेव्हा ते पुन्हा बोलले, आवाज बराच खाली आणून. "तुझा परवाना जाईल. कळतंय ना?"

"कळतंय. आणून देते. पाचही ड्रोन खाली उतरले की."

तिने मामांकडून वही मागून घेतली, मांडीवर उघडली आणि तिसऱ्या गाडीच्या उड्डाणाची वेळ मिनिटासकट लिहिली.

"पहिली गाडी," ती म्हणाली, "तुमचा उपग्रहांचा आकडा किती झाला?"