चांदीची तिपाई

सरोजिनीबाई वाळिंब्यांच्या तोंडाला कोणी लागत नसे. सहकारनगरातला भाजीवाला त्यांना लांबून पाहिलं की आपणहून शिळी मेथी बाजूला करायचा. बँकेत त्या खिडकीपाशी आल्या की आतला माणूस जेवणाचा डबा अर्ध्यात बंद करायचा. "तुमचं चालू द्या हो, मी उभी राहते, गुडघे तसेही गेलेलेच आहेत माझे," असं त्या इतक्या गोड आवाजात म्हणायच्या, की समोरच्याला घास गिळवत नसे. अशी बाई! आणि तिला छंद कसला, तर चांदीच्या भातुकलीचा.

हसू नका. खेळायचा नव्हे, जमवायचा छंद. बोटाच्या पेराएवढा पाळणा, कड्यांवर हलणारा झोपाळा, जातं, उखळ, आरामखुर्ची, चाक फिरणारं शिवणयंत्र. कधीकाळी कुणाच्या तरी रुखवतात मिरवलेली, मग कपाटाच्या तळाशी काळी पडलेली आणि शेवटी बाजारात आलेली ही चिमुकली खेळणी बाई हेरून हेरून घरी आणत. देव घेत नसत, पादुका घेत नसत. "देव लोकांकडे पुष्कळ आहेत. मला संसार हवा," म्हणायच्या. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती लेक श्रद्धा तिकडे वाघोलीला. खऱ्या संसारात आता एक छोटा कुकर आणि एक कप उरला होता. तेव्हा काचेच्या कपाटात हा दुसरा संसार मांडून त्या त्याच्यावरची धूळ झटकत बसायच्या.

पुण्यात नवं घ्यायचं असेल तर लोक लक्ष्मी रोडला जातात, आणि दुसऱ्यांनी टाकलेलं हवं असेल तर मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. सरोजिनीबाई दर रविवारी सकाळी तिथे. चार वर्षांपूर्वी तिथेच एकदा त्या उकिडव्या बसून एक काळा पडलेला पाळणा निरखत होत्या आणि मागून कोणीतरी सावली धरून उभं राहिलं.

"अहो, उजेड अडवायला आपण भिंत आहात का?" बाई मान न वळवता म्हणाल्या.

"नाही की. काशीद आहे," मागून उत्तर आलं.

हे उत्तरेश्वर काशीद. मूळचे बार्शीकडचे, उभी हयात चिंचवडच्या एका कारखान्यात साचे बनवण्यात गेली. आता निवृत्त, विधुर, धायरीला फ्लॅट. पुण्यात एवढी वर्षं काढूनही त्यांना टोमणा म्हणून कळत नसे. तो प्रश्न समजून ते सरळ उत्तर द्यायचे. बाईंची सगळी हत्यारं या एका माणसासमोर बोथट व्हायची. पहिले काही रविवार त्यांना त्याचा भयंकर राग आला, आणि मग कधी येईनासा झाला ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

काशिदांचा छंद तिपायांचा. कँपातल्या जुन्या बंगल्यांमधून निघालेल्या, शिसवी, सागवानी. मधे एकच खांब, खाली तीन पाय, वर गोल फळी. काही फळ्या तर कळ काढली की उभ्या व्हायच्या, म्हणजे तिपाई भिंतीला लावून ठेवता येते. "चार पायांचं टेबल डुगडुगतं," ते सांगायचे, "तीन पायांचं बघा, फरशी कशीही असो, उभं राहतं म्हणजे राहतं." धायरीच्या त्या फ्लॅटमध्ये तिपायाच तिपाया होत्या म्हणे. म्हणे अशासाठी, की बाई तिथे कधी गेल्या नव्हत्या आणि तेही सहकारनगरात आले नव्हते. रविवारी बाजार फिरायचा, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घ्यायचा, ज्याचे पैसे त्याने द्यायचे, आणि "बरंय, येते" म्हणून निघायचं. एवढंच. पण सोमवारपासून बाई मनातल्या मनात पुढच्या रविवारचं बोलणं जुळवत असत, हे खरं.

आणि हा रविवार शेवटचा होता.

येत्या गुरुवारी बाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. त्यानंतर श्रद्धा त्यांना वाघोलीला नेणार होती, आणि ती काही महिनाभराची गोष्ट नव्हती. सहकारनगरचं घर भाड्याने जाणार, हे ठरून गेलं होतं. बाईंनी यातलं अक्षर काशिदांना सांगितलं नव्हतं. का, तर भीती. हो, बँकेला घाबरवणारी बाई घाबरली होती! काशीद आपल्या सरळ स्वभावाने म्हणतील, "अरे वा, बरं झालं की, लेकीकडे आराम पडेल," आणि चहा पिऊन टाकतील, आणि संपलं. तसं ते म्हणाले असते तर बाईंचं काळीज तिथल्या तिथे फाटलं असतं. त्यापेक्षा न सांगता निघून जावं, असं त्यांनी रात्रभर कूस बदलत ठरवलं होतं.

"मॅडम, इकडे या. तुमच्यासारख्या गिऱ्हाईकाला दाखवायची चीज आलीय," खालिदने हाक मारली. खालिद शेख त्या बाजारातला जुना विक्रेता. त्याचे आजोबाही तिथेच ताडपत्री पसरून बसायचे. त्याने एक मळकं फडकं उलगडलं आणि बाईंच्या तळहातावर एक वस्तू ठेवली.

चांदीची तिपाई! उभ्या काडेपेटीएवढी. मधला खांब पीळ दिलेला, खाली तीन डौलदार पाय, पायांना पक्ष्याच्या पंजासारखी पावलं. बाईंनी नखाने वरची फळी हळूच उचलली, तर ती कट्कन उभी राहिली. एवढ्याशा वस्तूलाही कळ होती!  इतक्या वर्षांत इतकं सुरेख काही त्यांच्या हाती आलं नव्हतं.

आता त्या बाजाराचा एक रिवाज सांगायला हवा. वस्तू एकाच्या हातात असेल तोवर दुसऱ्याने तिचा भाव विचारायचा नाही. त्याने खाली ठेवली की ती मोकळी, मग कोणीही उचलावी. "बाजूला ठेवा, मागाहून येतो," हे खालिदकडे चालायचं नाही. मागाहून येतो म्हणणारे येत नाहीत, असा त्याचा अनुभव.

बाईंनी मान वर केली तर शेजारी काशीद. त्यांची नजर त्या तिपाईवर अशी खिळली होती, की चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला तरी त्यांना पत्ता नव्हता. बाईंच्या मनात आलं, मी तर चालले. माझं कपाटसुद्धा आता खोक्यात भरलं जाणार. ही यांच्याकडे राहू दे. निदान हिच्याकडे बघून आपली आठवण तरी काढतील.

त्यांनी तिपाई खाली ठेवली.

"पाय जरा वाकडा वाटतो. माझ्या कामाची नाही," त्या शक्य तितक्या कोरडेपणाने म्हणाल्या. "बघा काशीद, तुमच्या गोतावळ्यातली आहे."

काशिदांनी ती उचलली. फळी उभी केली, आडवी केली, पुन्हा उभी केली. पाय कुठेही वाकडा नव्हता हे साचे घडवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला कळलं नसेल होय? पण बाईंकडे एकदा पाहून त्यांनीही ती खाली ठेवून दिली.

"माझ्या तिपाईवर ताट राहिलं पाहिजे. हिच्यावर काय, मुंगीला जेवायला वाढू? तुमच्या कपाटात शोभेल की."

"मला नको म्हटलं ना!"

"मग मलाही नको."

खालिद टेनिसची मॅच पाहावी तसा एकदा इकडे, एकदा तिकडे पाहत राहिला.

टपरीवर दोघांनी चहा घेतला खरा, पण कोणाचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. काशिदांनी खाऱ्या बिस्किटाऐवजी रुमाल चहात बुडवला. बाई दोनदा "मी काय म्हणते" म्हणाल्या आणि दोनदा "काही नाही" म्हणाल्या. मग एकदम उठल्या. "मी जरा त्या पितळेवाल्याकडे जाऊन येते. तुम्ही बसा."

"हां, हां, या की. मी पण... गाडीला कुलूप घातलं का ते बघून येतो."

पितळेवाल्याकडे कोण जातंय! ती तिपाई काशिदांना घेऊन द्यायची, आणि का देतोय हे काहीही न सांगता हातात कोंबून रिक्षात बसायचं, असा बाईंचा बेत. काशिदांना दिसू नये म्हणून त्या जुन्या पंख्यांच्या ढिगामागून, टायरवाल्यांच्या पलीकडून, लांबचा फेरा घालून निघाल्या. गुडघे ठणकत होते. खालिदच्या ताडपत्रीपाशी पोहोचल्या तर दुसऱ्या बाजूने, खिशातलं पाकीट काढत, घामाघूम काशीद!

"कुलूप घातलंत का गाडीला?" बाईंनी विचारलं.

"घातलं की," काशीद म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले.

मग दोघांनीही एकदमच खाली पाहिलं. फडकं रिकामं होतं.

"विकली," खालिद म्हणाला. "आत्ता. एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. पोरगी म्हणाली, सो क्यूट, आपल्या टीव्हीखाली ठेवू. घेऊन गेले. दोघांनी खाली ठेवली, मी काय समजायचं?"

"अरे पण मी यांच्यासाठी—" दोघंही एकाच वेळी म्हणाले आणि एकाच वेळी थांबले.

आता खालिदचं टाळकं सरकलं. "कमाल झाली तुमची! एकमेकांसाठी घ्यायची होती, तर तेव्हाच का नाही बोललात? मॅडम, मी मधे पडायला नको, पण आज सांगतोच. या काशीदसाहेबांनी दीड वर्षात या बाजारातून एक खिळा घेतलेला नाही. घरात जागाच नाही, म्हणतात. मग उन्हातान्हात दर रविवारी येता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, मॅडम येतात ना."

काशीद जुन्या पंख्यांकडे बघायला लागले. जणू जन्मात पंखा पाहिला नव्हता.

  आणि बाईंनी इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं भसकन बाहेर पडलं. "गुरुवारी माझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. मग मी वाघोलीला जाणार, श्रद्धाकडे. कायमची. सहकारनगरचं घर भाड्याने देणार आहेत."

 खालिदने पुढे सरकवलेल्या स्टुलावर काशीद बसले, मग बाईंचे गुडघे आठवले म्हणून उठले, त्यांना बसवलं, आणि समोर उभे राहिले. आणि मग हा माणूस, ज्याचा आवाज चार वर्षांत कधी चढला नव्हता, चक्क ओरडला.

"आणि हे तुम्ही आज सांगता? सांगणार तरी होता का? पुढच्या रविवारी मी येऊन इथं उभा राहिलो असतो, त्याच्या पुढच्या रविवारी पण उभा राहिलो असतो. वाट बघत बसलो असतो खुळ्यासारखा! माझ्याकडे तुमचा फोन नंबरसुद्धा नाही, बाई!"

आजूबाजूचे दोन-चार विक्रेते वळून बघायला लागले. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंसुद्धा नाही.

"तुम्ही बरं झालं म्हणाल, असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "तेवढं ऐकायची माझ्यात ताकद नव्हती हो."

"बरं कसं झालं? यात बरं काय आहे?" काशिदांना खरोखरच कळत नव्हतं. "मला आठवड्यात बोलायला आहे कोण? त्या तिपाया बोलतात होय? तुम्ही मला दर रविवारी चार शब्द सुनावता, त्यावर माझा आठवडा जातो."

बाई रडता रडता हसल्या. खालिद उगाचच एक समई घासायला लागला.

काशिदांनी आवाज खाली आणला. "दवाखाना कुठला? गुरुवारी किती वाजता? मी येतो. आणि मग वाघोली... धायरीहून स्वारगेट, स्वारगेटहून पुणे स्टेशन, तिथून वाघोलीची गाडी. स्कूटर तेवढ्या लांब नेववत नाही, पण ज्येष्ठांचा पास आहे माझा. सकाळी निघालो तर अकराला पोहोचतो की."

"अहो, दोन-दोन बस बदलून कुठे येता या वयात!"

"पुढच्या वर्षी येऊ म्हणता? वय तेव्हा कमी होणार आहे का?"

हा टोमणा होता. काशिदांच्या तोंडून, पहिला! बाई डोळे विस्फारून बघत राहिल्या, आणि नेमका तेव्हाच त्यांचा फोन वाजला. श्रद्धा होती. बाईंना ऐकू कमी येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर असे.

"आई, ऐक. आमच्या सोसायटीत गेटवर फार कटकट करतात. तुला भेटायला येणाऱ्यांची नावं आधीच अॅपमध्ये टाकून ठेवते, म्हणजे अडवणार नाहीत. नंदामावशी टाकली, राधाकाकू टाकली. आणखी कोणी आहे?"

बाईंनी काशिदांकडे पाहिलं. ते बोटांवर बसचे थांबे मोजत होते.

"उत्तरेश्वर काशीद," बाई म्हणाल्या.

"कोण गं हे? कधी बोलली नाहीस. नातं काय टाकू? इथे नातं विचारतंय."

 काशिदांचं मोजणं थांबलं.

"ते मी तुला घरी सांगते," सरोजिनीबाई म्हणाल्या. "आत्ता नाव घाल. दर रविवारी येतील. आणि जेवून जातील."