बदाम फोडणारी छिन्नी

मी छिन्नी बोलतेय. दगड घडवणारी नव्हे, लाकूड तासणारी तर मुळीच नव्हे. कार्थेजच्या लोहाराने मला ज्या कामासाठी घडवलं, ते काम मी आजवर एकदाही केलेलं नाही आणि त्याचा मला भारी अभिमान आहे. ऐका तर खरं!

आमच्या शहराच्या कोटातच हत्तीखाने होते. लढाईआधी प्रत्येक माहुताला एक छिन्नी आणि एक हातोडा मिळायचा. हत्ती बिथरून आपल्याच सैन्यावर उलटला, तर माहुताने छिन्नी त्याच्या मानेच्या सांध्यावर टेकवायची आणि हातोड्याचा एकच घाव घालायचा. हत्ती जागच्या जागी खलास. सांगताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो, आणि मी तर लोखंडाची!

मी आले बोदोच्या वाट्याला. ढेरपोट्या, बडबड्या, हत्तीवेडा माणूस. त्याच्या हत्तीचं नाव अरीश. हत्तीदळाचा सरदार शफात मला बोदोच्या हातात देत म्हणाला, "वेळ आली तर हात कापता कामा नये, बोदो."

"माझा अरीश कशाला उलटतोय, सरदार? माझ्या मेहुण्यापेक्षा शहाणा आहे तो."

"तो मेहुणा पायदळात आहे तुझा. अरीशच्या बरोब्बर मागे उभा असेल. तेवढं ध्यानात ठेव."

त्या दिवशी बोदो घरी जाऊन चकार शब्द बोलला नाही. त्याची बायको बत्नोआम घाबरलीच. नवरा गप्प म्हणजे नक्कीच ताप भरला असणार, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र त्याने ओंजळभर बदाम घेतले, मला काढलं आणि फोडायला बसला.

"अहो, त्या मेल्या वस्तूने खायचे जिन्नस फोडता?" बत्नोआम ओरडली. "हत्ती मारायची आहे ना ती?"

"म्हणून तर. तिला जरा चांगली सवय लावतोय."

आणि लावलीन की हो! मग मी बदाम फोडले, दारूच्या बुधल्यांची बुचं काढली, अरीशच्या नखांत अडकलेले खडे उकरले. बदाम द्यायच्या आधी बोदो हातोडा माझ्यावर आडवा वाजवायचा, टण टण. अरीश कसल्याही तंद्रीत असो, पाय जागीच रोवायचा आणि सोंड पुढे करायचा. बोदो त्याच्या मानेवर बसलेला असला, तर सोंड डोक्यावरून मागे वळवून थेट त्याच्या पोटाशी आणायचा. खादाड कुठला! माझा जोडीदार हातोडा तसा घुम्या, पण तोही या वेळी जरा खुशीत वाजायचा.

शेवटी लढाईचा दिवस उजाडलाच. समोर रोमची फौज. हत्तींना चेव यावा म्हणून त्यांना दारू पाजली होती. बोदोनेही घोटभर ढोसली होती, त्याला कसला चेव यायचा होता कोण जाणे. आमचे हत्ती धावत सुटले, तशा पलीकडून शेकडो तुताऱ्या एकदम कर्कश वाजल्या. एक भाला अरीशच्या कानात घुसला. अरीश किंचाळला, गर्रकन फिरला आणि आपल्याच पायदळाकडे सुसाट निघाला.

"अरीश! थांब रे बाळा!" बोदो ओरडत राहिला. कोण ऐकतंय!

पायदळाच्या पहिल्याच रांगेत मेहुणा दिसला. दोन्ही हात वर करून नाचत होता. "दाजी! अहो दाजी, मी आहे! वळवा त्याला! ताईला काय तोंड दाखवाल?"

बोदोने मला उपसलं आणि अरीशच्या मानेच्या सांध्यावर टेकवलं. अरीशची कातडी माझ्या टोकाखाली थरथरत होती. मी मनातल्या मनात आमच्या देवीला म्हटलं, तानित माते, माझी धार आत्ताच्या आत्ता बोथट कर. बोदो रडत होता. त्याने हातोडा उचलला, पण हात असा कापला, की घाव माझ्या कडेला बसला.

टण.

अरीशचा कान हलला. बोदोला ते दिसलं मात्र, त्याने मला झटकन मानेवरून उचललं आणि हातोडा पुन्हा माझ्यावर आडवा हाणला. टण टण! टण टण!

अरीशने चारही पाय रोवले. धुळीचा एवढा मोठा लोट उठला. मेहुणा मटकन खाली बसला. आणि त्या रक्ताच्या, आरडाओरड्याच्या गदारोळात ती सोंड डोक्यावरून मागे वळली आणि बोदोच्या पोटाशी येऊन थांबली. बोदोच्या कमरपट्ट्यात एकच बदाम होता. त्याने तो कवचासकट दिला.

"मी छिन्नी कशासाठी दिली होती तुला?" शफात नंतर कडाडला.

"थांबला ना तो, सरदार? मग झालं तर."

लढाई मात्र आम्ही हरलो. तह झाला आणि हत्ती रोमच्या हवाली करायचे ठरले. धक्क्यावर एक टकला, जाडजूड रोमन शिपाई अरीशला घ्यायला आला. त्याला आमची भाषा येईना, बोदोला त्याची. शिपायाने माझ्याकडे बोट दाखवून भुवया उंचावल्या. हे कशाला?

बोदोने मला हातात घेतलं. खाली बसला, टण टण केलं, दगडावर एक बदाम फोडला आणि अरीशला भरवला. मग दुसरा फोडून शिपायाला दिला. शिपाई खुदकन हसला. बोदोने मला आणि हातोड्याला त्याच्या हातात दिलं, वर बदामाची अख्खी पिशवीही ठेवली. नंतर अरीशच्या सोंडेला गाल लावून उभा राहिला, इतका वेळ, की बत्नोआमने शेवटी त्याला दंडाला धरून नेलं.

आता मी त्या टकल्याच्या कमरेला असते. तो रोज माझ्यावर टण टण वाजवतो आणि अरीश सोंड पुढे करतो. मी बदाम फोडायची छिन्नी आहे, असंच तो समजतो. माझं खरं काम आता तुम्हाला कळलंय. त्याची नि तुमची कधी गाठ पडलीच, तर माझ्यासाठी एवढं करा. त्याला सांगू नका.