डोंगराकडे पाठ

विग्न्योंनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरला आणि चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. मुलाचा, पांजीचा, मोबाइल त्यांनी जोग्या शहरातून निघतानाच काढून घेतला होता. रस्त्यांच्या मोजणीत हयात घालवलेल्या माणसाने सोयरीक मागायला यंत्राला वाट विचारत जावे, हे त्यांना मान्य नव्हते.

“बापाक, दुपारच्या बांगेआधी पोचायला हवं,” पांजी म्हणाला. “मुलीचे वडील, हार्जो, फार तिरसट आहेत म्हणे. उशीर झाला तर दारातूनच परत पाठवतील.”

“मेरापी डोंगर दिसतोय ना? मग झालं. मेरापी म्हणजे उत्तर दिशा.”

“अहो, तो आपल्या अंगणातून,” मिठाईची परडी सावरत सुमार्नी म्हणाल्या. “आता आपण वळसा घालून त्याच्या पाठीमागे आलोय.”

“मेरापी जागा बदलत नाही.”

नकाशात होती तशी मशीद आली, मशिदीशेजारी घरही आले. यजमानांनी अगत्याने आत नेले. चहाआधी पाहुण्याला नाव-गाव विचारायची तिकडे रीत नाही. चहा संपताच विग्न्यो उठले आणि महिनाभर घोटलेले मागणीचे भाषण त्यांनी एका दमात म्हटले. यजमानांनी ते मान खाली घालून, शेवटपर्यंत ऐकले.

“फार सुंदर बोललात. नाही म्हणवत नाही,” ते म्हणाले. “पण आम्हाला सगळे मुलगेच.”

सुमार्नींनी परडी हळूच पुन्हा मांडीवर घेतली.

“मग हार्जोंचं घर?” विग्न्योंनी विचारले.

यजमानांनी रिकामा पेला खाली ठेवला. आतून बायकोचा आवाज आला, “आपल्या घरी चहा प्यायलेला पाहुणा वाटेत हरवला, तर गाव काय म्हणेल, तुकिमान?”

तुकिमानांनी टोपी चढवली आणि ते गाडीत पुढे बसले. “डोंगराकडे पाठ करा,” एवढेच ते वाटभर बोलले.

बांग होऊन गेली होती. हार्जो कपाळाला आठ्या घालून दार ओढून घेत होते. तेवढ्यात तुकिमान गाडीतून उतरले. हार्जोंचा हात दारावरच थांबला. मग ते पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी तुकिमानांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही. पांजीची सोयरीक त्यानंतर दोन वाक्यांत उरकली.

जेवताना हार्जो विग्न्योंकडे झुकले.

“पाटाच्या पाण्यावरून आमचं बिनसलं, त्याला वर्षं लोटली. मोठमोठ्यांनी डोकी आपटली, पण हा बाबा उंबरा चढला नाही. तुम्ही आणलात कसा?”

विग्न्योंनी घास सावकाश गिळला. पत्नीकडे पाहणे त्यांनी टाळले.

“नकाशा पाहून.”